उत्तरेकडची

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये
रान्वा पडद्यावर एक ओळ लिहिते :
सगळ्यात वरचं तोंड निवड.

बोट ठेवून ‘हे’ म्हणायची इथं सोय नाही.
वस्तू अजून वस्तू नाही, नुसती सांगी आहे,
आणि जे सांगायचं ते दिशेनं.
वरचं. खालचं. उभ्या अक्षाला समांतर तेवढ्या कडा.
यंत्र कुणाची कड घेत नाही,
नुसती शोधून देतं.
ठोकळ्याचं एक तोंड उजळतं,
त्यात चार भोकं पडतात, साडेआठ मिलिमीटरची,
उभ्या कडा गोल होतात,
जाळं ओढणाऱ्या हाताला लागू नयेत म्हणून.

सोमवारी एस्मुंडुर येऊन म्हणाला, दोर घसरतोय,
कप्पीच्या बैठकीला काठ दे, बोटभर उंच.
तिनं काठ दिला. दोन ओळींचं काम.
आता सगळ्यात वर काठ होता.
चारही भोकं निमूट उठली, काठावर जाऊन बसली,
चार मिलिमीटरच्या काठावर साडेआठची भोकं,
उंदरानं कुरतडावा तसा काठ.
लाल अक्षरात तक्रार नाही, काही नाही.
वरचं म्हणजे वरचं.
कोणतं, ते त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी ती बापाकडे जाते,
चढावरच्या म्हाताऱ्यांच्या घरात.
ईसाकुर एकेचाळीस वर्षं समुद्रावर होता.
नाव गेली, मग नावंही गेली, एकेक करून.
दिशा राहिल्यात.
पेला पूर्वेला सरकव, म्हणतो,
आणि ती पूर्वच असते.
मुलांचंही तसंच :
खिडकीलगतच्या खुर्चीत ती उत्तरेकडची,
दाराजवळ तो दक्षिणेकडचा, हावारुर,
जो चार वर्षं ओल्बोर्गला आहे.
उत्तरेकडचीला तो हवामान विचारतो, अदबीनं,
परक्या बंदरातल्या अधिकाऱ्याला विचारावं तसं.
दक्षिणेकडच्या रिकाम्या खुर्चीला शिव्या.

आज फरशी पुसताना कुणीतरी खुर्च्या हलवल्यात.
एकच आहे, ती दाराजवळ.
रान्वा बसते.
आणि सगळ्या शिव्या तिला मिळतात,
भावाच्या, जुन्या, मिठात मुरलेल्या.
नाव का विकलीस?
कितीला विकलीस, गाढवा?

मी रान्वा, असं म्हणता आलं असतं.
‘कमीत गेली,’ ती म्हणते. ‘चुकलं.’
म्हातारा बराच वेळ तिच्याकडे बघत राहतो.
मग हात पुढे करून तिची कॉलर वर ओढतो.
‘वारा फिरलाय. टोपी घालत जा.’

हे तो भावाला म्हणतो
हे तिला माहीत नव्हतं.

रात्री ती फाइल उघडते.
उपाय बरेच आहेत. वरून दुसरं, असं म्हणता येतं.
किंवा सगळ्यात मोठ्या क्षेत्रफळाचं.
पण उद्या एस्मुंडुर आणखी काही मागेल
आणि दुसरं तिसरं होईल.
त्यापेक्षा काठ यायच्या आधी,
तोंड एकटं आभाळाकडे बघत असताना,
त्याला एक खूण बांधून ठेवायची.
मग वर काहीही चढो,
हाक मारली की तेच ओ देईल.
खुणेला काय म्हणायचं यावर ती अडते,
चहा गार होईतो अडते.
शेवटी टाइप करते
विकलेल्या नावेचं नाव.

भोकं आपल्या जागी परत आली.

बुधवारी बैठक डेकवर चढली.
लाटेवर तिचं वरचं तोंड कधी आभाळाकडे,
कधी कुनोयच्या कड्याकडे. कुणाला फरक पडला नाही.

खुर्च्या तोवर पुन्हा जागच्या जागी होत्या,
उत्तरेची उत्तरेला.
रान्वा दाराजवळचीच ओढून बसली.
टोपी तिनं जिना चढतानाच
खिशात कोंबून ठेवली होती.